‘देवाणघेवाण’ की ‘घेवाणदेवाण’? विरुद्ध शब्दांच्या क्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात, दांडिया बाजारात, मी गेली बरीच वर्षं मराठी मजकूर तपासण्याचं काम करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, मुलांचे निबंध, गुजरातीतून मराठीत केलेली माहितीपत्रकं असं सगळं टेबलावर येतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लोक मुकाट्याने मान्य करतात. पण जोडीतल्या दोन विरुद्ध शब्दांची मी अदलाबदल केली की हटकून विचारतात, “अर्थ तर तोच आहे ना, मग कशाला बदललंत?” ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र करते आहे.

दोन विरुद्ध शब्द एकत्र लिहिताना कुठला आधी घ्यायचा, याला नियम आहे का?

एकच एक नियम नाही. चार-पाच ओढी आहेत आणि त्या एकमेकींशी झगडतात. छोटा शब्द आधी येऊ पाहतो (मानापमान). काळात आधी घडणारं आधी येतं (जन्ममृत्यू, प्रश्नोत्तर). जवळचं आधी येतं (इकडेतिकडे). चांगलं बहुधा आधी येतं (सुखदुःख, नफातोटा). लहान आकडा मोठ्याच्या आधी येतो (तीनचार, कमीजास्त). जिथे या ओढी एकाच दिशेच्या असतात तिथे कोणी अडखळत नाही. जिथे त्या विरुद्ध दिशांना खेचतात तिथे भाषेने पूर्वी कधीतरी एक बाजू घेतलेली असते आणि आपण ती पाळतो. ‘द्वंद्व’ या शब्दाचा अर्थ जोडीही आणि झुंजही, हे मला फार नेमकं वाटतं.

हे नियम कोणी लिहून ठेवलेत का, की सगळं कानावरच आहे?

लिहून ठेवलेत, आणि तेही संस्कृत व्याकरणकार पाणिनीने. त्याच्या अष्टाध्यायी या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, द्वंद्व समासात कुठला शब्द पुढे बसवायचा याची सूत्रं सलग आलेली आहेत. ‘द्वन्द्वे घि’ (२.२.३२): ऱ्हस्व इ-उ यांनी संपणारा शब्द आधी, म्हणून हरिहर. ‘अजाद्यदन्तम्’ (२.२.३३): स्वराने सुरू होऊन अकाराने संपणारा शब्द आधी, म्हणून ईशकृष्ण. ‘अल्पाच्तरम्’ (२.२.३४): ज्यात स्वर कमी तो आधी, म्हणून शिवकेशव. यावर कात्यायनाच्या वार्तिकांनी, म्हणजे सूत्रांना जोडलेल्या पूरक टिपांनी, भर घातली. जो अधिक पूज्य तो आधी, म्हणून मातापिता. भावांमध्ये थोरला आधी. संख्यांमध्ये लहान आधी.

मराठीत रोज वापरातल्या कितीतरी जोड्या ‘अल्पाच्तरम्’ने सरळ उलगडतात. मान दोन अक्षरांचा, अपमान चार अक्षरांचा, म्हणून मानापमान. यशापयश, न्यायान्याय, शुभाशुभ, चराचर, सत्यासत्य या सगळ्यांत मूळ शब्द आधी आणि ‘अ’ किंवा ‘अप’ लागून लांब झालेला नंतर. अपयशयश म्हणून पाहा, जीभच नकार देते.

पण ‘सुखदुःख’पाशी ही तिन्ही सूत्रं गप्प बसतात. दोन्ही शब्द दोन अक्षरांचे, दोन्ही अकारान्त, दोन्ही व्यंजनाने सुरू. तिथे निवाडा अर्थाचा. आणि काही जोड्या तर नियम मोडूनच उभ्या आहेत. ‘उष्ण’ स्वराने सुरू होतो, अकाराने संपतो, म्हणजे तो आधी यायला हवा. गीतेत मात्र ‘शीतोष्ण’ आहे, आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकातही ‘समशीतोष्ण कटिबंध’च आहे. स्तुती हा ऱ्हस्व इकाराचा शब्द (संस्कृतात ‘स्तुति’), तरी बाराव्या अध्यायात ‘तुल्यनिन्दास्तुतिः’. खुद्द पाणिनीने एका सूत्रात (३.२.१२६) ‘लक्षणहेत्वोः’ असं लिहिलंय. त्याच्याच नियमाप्रमाणे ‘हेतु’ पुढे हवा होता. काशिका या जुन्या टीकेने त्यावर म्हटलंय की हे नियम सरसकट लागू नाहीत, याचीच ही खूण. मला हे वाचून धीर आला. ज्याने नियम घालून दिला, त्याच्याही लेखणीने क्वचित वेगळी वाट धरली.

‘देवाणघेवाण’ असंच का? आमचा मुलगा ‘घेवाणदेवाण’ लिहितो.

बडोद्यात हा प्रश्न येणारच. मुलगा दिवसभर गुजराती ऐकतो. गुजरातीत ‘लेवडदेवड’, हिंदीत ‘लेन-देन’, म्हणजे घेणं आधी, देणं नंतर. त्याने शब्द मराठी घेतले आणि क्रम गुजराती ठेवला. शब्द शिकवावे लागतात हे आपल्याला कळतं. क्रमही शिकवावा लागतो हे लक्षात येत नाही, कारण आपण स्वतः तो कधी शिकल्याचं आपल्याला आठवत नाही.

खंडेराव मार्केटच्या बाजूला एका दुकानातून मी वह्या घेतल्या होत्या. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘भूलचूक लेवीदेवी’ छापलेलं. आपण मराठीत काय लिहितो? ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. जुन्या हिशेबांवर तर नुसतं ‘चू. भू. द्या. घ्या.’ अर्थ तंतोतंत एक, प्रथा एक, शब्दही जवळजवळ तेच. आणि दोन्ही जोड्या उलट्या! भूलचूक आणि चूकभूल, लेवीदेवी आणि द्यावी घ्यावी. त्या बिलाचा तुकडा मी शब्दकोशात खूण म्हणून ठेवलाय आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला दाखवते.

यावरून काहीजण म्हणतात की मराठी माणूस आधी देतो, म्हणून त्याची भाषा आधी देते. मला हे अजिबात पटत नाही. गुजरातीत ‘आप-ले’ हाही शब्द आहे, तिथे देणं आधी. आपल्याकडे ‘मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही’ म्हणतात तसं ‘घेणंदेणं नाही’ हेही म्हणतात. आणि संस्कृतातून आलेलं ‘आदानप्रदान’ आपण बिनदिक्कत वापरतो, त्यात तर आदान म्हणजे घेणंच पुढे. ‘आदान’ स्वराने सुरू होतो, अकाराने संपतो, झालं. समाजाचा स्वभाव अशा जोडीतून वाचायला जाऊ नये.

चांगला शब्द नेहमी आधी येतो ना?

बहुधा, नेहमी नाही. सुखदुःख, बरंवाईट, खरंखोटं, गुणदोष, नफातोटा, जयपराजय, भलंबुरं ही रांग मोठी आहे. पण पापपुण्य? हारजीत? निंदास्तुती? तिथे उणी बाजू पुढे. उच्चारात ‘पाप’ एका झटक्यात संपतो, ‘पुण्य’ला दोन लागतात, म्हणून इथे छोट्या शब्दाची ओढ जिंकली असावी असं मी मानते. ‘हारजीत’मध्ये दोन्ही सारख्याच लांबीचे, तेव्हा तिथे हे स्पष्टीकरण चालत नाही.

चवींचा मात्र कायदाच निराळा. आंबटगोड, कडूगोड. गोड शब्द सगळ्यांत छोटा, सगळ्यांना हवासा, आणि तो शेवटी! हिंदीत खट्टा-मीठा, गुजरातीत खटमीठुं, तिथेही गोडी मागूनच येते. या जोड्यांत दोन वेगळ्या गोष्टी नसतात, एकाच घासाची चव असते. कैरीच्या मेथांब्याचा घास आठवून पाहा: आधी आंबट झिणझिणी, मग गुळाची गोडी रेंगाळते. शब्द त्या क्रमाने बसले असावेत असं मला मनापासून वाटतं, पण हे सिद्ध करून दाखवता येणार नाही.

‘गरीब-श्रीमंत’ लिहू की ‘श्रीमंत-गरीब’?

मराठीत गरीब-श्रीमंत. हिंदीच्या ‘अमीर-गरीब’ने गोंधळू नका. आपल्याकडे कमीकडून जास्तीकडे जाण्याची सवय पक्की आहे: लहानमोठे, लहानथोर, कमीअधिक, उणंअधिक, थोडंबहुत. गुजरातीतही ‘नानुंमोटुं’ आणि ‘ओछुंवत्तुं’ असंच आहे, मात्र बाजारभावांच्या बोलण्यात गुजराती ‘वधघट’ म्हणते, म्हणजे वाढ आधी, आणि हिंदी ‘घट-बढ़’. आपण त्या ठिकाणी ‘चढउतार’ म्हणतो. भरती-ओहोटीतही पाणी आधी चढतं. ‘राव असो वा रंक’मध्ये राव पुढे आहे, पण तो वाक्प्रचार आहे, त्याला हात लावू नये.

क्रम उलटल्याने अर्थ खरंच बदलतो का?

काही जोड्यांत पूर्ण बदलतो. त्या माझ्या सर्वांत आवडत्या जोड्या आहेत.

‘त्याने मागेपुढे पाहिलं नाही’ म्हणजे तो कचरला नाही. ‘पुढेमागे तुला उपयोगी पडेल’ म्हणजे कधीतरी, नंतर. दोन्हींत तेच दोन शब्द, पण ‘मागेपुढे कधीतरी घर घेऊ’ असं लिहिलं की वाचणारा थबकतो.

‘लिफ्ट वरखाली करते’, पण ‘जीव खालीवर होतो’. मुलगी कॉलेजातून वेळेवर घरी आली नाही तर आईचा जीव वरखाली होत नाही, खालीवरच होतो.

‘त्यांच्याकडे आमचं येणंजाणं आहे’ म्हणजे घरोबा आहे. ‘मुंबईला जाण्यायेण्याचा खर्च’ म्हणजे प्रवासाचे पैसे. इथे मी बराच विचार केला. नात्यात माणसं आपल्या दाराशी येतात, मग जातात, आपण घरात उभे राहून बघत असतो. प्रवासात आपणच आधी निघतो आणि मग परततो. क्रम बदलतो कारण बघणाऱ्याची जागा बदलते. एका पत्रकात ‘येण्याजाण्याचा खर्च मंडळ देईल’ असं आलं होतं. चूक म्हणता येणार नाही, कारण पाहुण्याला मंडळ आपल्याकडून बघत होतं. मी ते तसंच राहू दिलं.

‘वधूवर’ की ‘वरवधू’? पत्रिकेत काय छापावं?

मराठी पत्रिकेत वधूवर. ‘वधूवरांस शुभाशीर्वाद देण्यासाठी’ हेच आपल्या कानाला ओळखीचं आहे, स्थळं जुळवणारी मंडळंही वधूवर सूचक असतात. हिंदीत ‘वर-वधू’ रूढ आहे, गुजरातीत ‘वरकन्या’ किंवा ‘वरवधू’.

माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका बडोद्यातच छापली. प्रुफावर ‘वरवधूंस’ आलं. मी पेन्सिलीने दोन शब्दांभोवती नागमोडी रेघ फिरवली, कडेच्या कोऱ्या जागेत ‘वधूवरांस’ असं सुटं लिहिलं आणि खाली सही केली. छापून आलेल्या गठ्ठ्याची दोरी कापली तर आत ‘वरवधूंस’. छापखान्याचं म्हणणं, मजकुरात कुठे फरक आहे, दोघांची नावं तर बरोबर आहेत. संध्याकाळी माझ्या आईने चष्मा लावून पत्रिका मोठ्याने वाचायला घेतली. देवाचं नाव, कुळाची नावं, तिथी सगळं सरसर वाचलं, आणि त्या शब्दाशी आवाज अडला. ती मागे गेली, पुन्हा वाचलं, मग स्वतःच मनाने ‘वधूवरांस’ असं म्हणून पुढे गेली. छापलेला शब्द तिने वाचलाच नाही. पत्रिका वाटल्या आम्ही, दुसरा उपाय नव्हता, पण तेव्हापासून अंतिम प्रूफ हातात आल्याशिवाय मी कोणालाही छपाईला होकार देऊ देत नाही.

‘दिवसरात्र’ बरोबर की ‘रात्रंदिवस’?

दोन्ही. ‘रात्रंदिवस’ हे संस्कृतातल्या ‘रात्रिंदिव’चं मराठी रूप, आणि ‘अहोरात्र’मध्ये पुन्हा दिवस आधी. तिन्ही जुने, तिन्ही शुद्ध. एका परिच्छेदात एकच वापरा, इतकंच.

‘कालपरवा’ हा शब्द काळाच्या क्रमाला धरून नाही. परवा आधी घडला ना?

हो, आणि म्हणूनच ही जोडी मोलाची आहे. घटनेच्या हिशेबाने ‘परवाकाल’ हवं. पण बोलणारा ‘आज’मध्ये उभा असतो आणि त्याला काल जवळचा, परवा लांबचा. ‘उद्यापरवा’मध्येही जवळचं आधी, तिथे काळाचा क्रमही तोच असल्याने खटकत नाही. ‘आजकाल’मध्ये आज पुढे. ‘आपपरभाव’मध्ये आपण पुढे. इथेतिथे, असातसा यांतही तेच. हातातला आणि पल्याडचा असा भेद जिथे असेल तिथे मराठी हातातल्याला आधी उचलते.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. न उलटणाऱ्या जोड्यांवर भाषाशास्त्रज्ञ याकोव माल्कील यांचा महत्त्वाचा लेख १९५९ सालचा. १९७५ मध्ये कूपर आणि रॉस या दोघांनी इंग्रजीतल्या जोड्या तपासून ‘मी आधी’ असं तत्त्व मांडलं: बोलणाऱ्याला जे जवळचं, आत्ताचं, आपलं, ते पुढे येतं. वर सांगितलेलं ‘कालपरवा’ त्याचं इतकं नेमकं उदाहरण आहे की ते त्यांना मिळायला हवं होतं असं मला वाटतं. त्याही आधी, १९०९ मध्ये, जर्मन अभ्यासक ओटो बेहागेल यांनी छोटा घटक आधी आणि लांब नंतर हे निरीक्षण नोंदवलं. पुढे २००२ मध्ये स्टीव्हन जोन्स यांनी इंग्रजी वर्तमानपत्रातली हजारो वाक्यं घेऊन विरुद्ध शब्दांचा क्रम कशाकशाने ठरतो हे पाहिलं. शब्दाची घडण, चांगलेपणा, आकार, काळ, उच्चार, रूढी असे घटक त्यांनी मांडले. पाणिनीच्या सूत्रांशी ताडून पाहिलं की निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघतात.

मात्र ओढी सारख्या असल्या तरी निकाल सारखा नसतो. जुन्या सिनेमाला आपण ‘कृष्णधवल’ म्हणतो, हिंदी ‘श्वेत-श्याम’. आपल्या जोडीत ‘कृष्ण’ छोटा, ‘धवल’ लांब, म्हणून काळा पुढे. हिंदीच्या जोडीत दोन्ही सारखे, मग पांढऱ्याला मान. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर.

जोड्यांत पुरुष आधी असतो, हा अन्याय नाही का?

प्रश्न योग्य आहे. पण मराठीत आधी मोजून पाहा. आईवडील, मायबाप, सासूसासरे, आजीआजोबा, वधूवर, स्त्रीपुरुष, सीताराम, लक्ष्मीनारायण, उमामहेश्वर. स्त्री पुढे. काकाकाकू, मामामामी, राजाराणी यांत पुरुष पुढे, आणि तिथे बहुतेक स्त्रीवाचक शब्द पुरुषवाचकावरून घडलेला आहे, म्हणजे मूळ रूप आधी हाच जुना न्याय. नवराबायको आणि विठ्ठल-रखुमाई या चौकटीत बसत नाहीत. रूढ जोडी मोडू नये असं माझं मत. जिथे क्रम आपल्या हातात आहे, म्हणजे स्मरणिकेत देणगीदार जोडप्यांची नावं, समितीची यादी, आभाराची वाक्यं, तिथे दर वेळी पुरुषाचंच नाव पुढे टाकण्याची सवय मात्र सोडावी. मी तपासताना याबद्दल आवर्जून विचारते.

जोडून लिहायचं की मध्ये छोटी रेघ द्यायची?

रूढ जोडी सलग: सुखदुःख, आईवडील, चढउतार. जिथे सलग लिहिल्याने वाचताना अडखळायला होतं तिथे रेघ: गरीब-श्रीमंत, भरती-ओहोटी. मध्ये जागा सोडून दोन सुटे शब्द लिहू नयेत.

परीक्षेत समास कोणता लिहायचा?

विग्रह ‘किंवा’ने होत असेल तर वैकल्पिक द्वंद्व: खरेखोटे, पासनापास, बरेवाईट. ‘आणि’ने होत असेल तर इतरेतर: आईबाप, कृष्णार्जुन. विरुद्ध शब्दांच्या जोड्या बहुतेक वैकल्पिकमध्ये जातात, पण ‘स्त्रीपुरुष’ इतरेतर, हे विसरू नका.

लेखात मुद्दाम क्रम उलटला तर चालेल का?

चालेल, कारण असेल तर. बोलताना आपण आवाज चढवून हव्या त्या शब्दावर जोर देतो. कागदावर आवाज नसतो, जागा असते. एका आजोबांनी आपल्या आठवणी लिहून आणल्या होत्या, त्यात ‘दुःखसुखाच्या गोष्टी’ असा शब्द होता. मी सवयीने रेघ ओढायला पेन्सिल टेकवली आणि थांबले. पुढची चार पानं आधी हलाखीची होती, बरे दिवस शेवटी आले होते. त्यांनी आपल्या आयुष्याचा क्रम तिथे ठेवला होता. मी काही बदललं नाही. पण लेखभर असे दहा उलटे शब्द आले तर एकाकडेही कोणाचं लक्ष जात नाही.

बडोद्यात वाढणाऱ्या मुलांना हे कसं शिकवावं?

तक्ता पाठ करून घेऊ नका. आमच्याकडे एक खेळ आहे. मी अर्धी जोडी म्हणते, मुलं दुसरी अर्धी पुरी करतात: ऊन... पाऊस. आंबट... गोड. ऊठ... बस. मग तेच गुजरातीत. दोन्ही भाषांत क्रम सारखा निघाला तर टाळी, उलटा निघाला तर ती जोडी वहीत उतरवायची. आठवीतल्या एका मुलीच्या वहीत डाव्या पानावर गुजराती आणि उजव्या पानावर मराठी अशा सव्वीस जोड्या झाल्यात. परवा ती आली ती दारातूनच ओरडत, “मावशी, सत्ताविसावी सापडली!” आणि चप्पल काढायच्या आत तिने वही उघडली: वरवधू, वधूवर.